फायनल मिक्सिंग बाकी

कॅसिओवाला हा जामनेर तालुक्यात बारमाही आढळणारा तरुण कलावंत होय. वय बावीस ते अडतीस. अडतिशीनंतरही तो तरुणच धरला जातो, कारण त्याचा पिच्चर अजून यायचा असतो. त्याच्यापाशी असलेले वाद्य बहुधा यामाहाचे, क्वचित रोलँडचे असते. तरी तो कॅसिओवालाच. जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८० साली पहिला कॅसिओटोन काढला आणि खान्देशातल्या बँडवाल्यांनी पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्रत्येक विजेच्या पेटीला तेच नाव देऊन टाकले. वनस्पती तूप म्हणजे डालडा, नक्कल म्हणजे झेरॉक्स, तसे हे.

त्याला ओळखायला अडचण पडत नाही. मोटारसायकलच्या मागे आडवी बांधलेली काळी लांबट पिशवी, चैत्रातही अंगात जाकीट आणि मोबाइलला स्वतःच्याच गाण्याची रिंगटोन. फोन तो लगेच उचलत नाही, मुखडा पूर्ण होऊ देतो. व्हिजिटिंग कार्डावर गायक, गीतकार, संगीतकार, लेखक, दिग्दर्शक, निर्माता अशी सहा पदे छापलेली असतात आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात ‘साऊंड सिस्टीम भाड्याने मिळेल’. सहा पदांचे पोट त्या सातव्या ओळीवर चालते.

खरी खूण मात्र बोलण्यात सापडते. ‘पिच्चर कुठवर आला?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘शूटिंग झालं, डबिंग झालं, फायनल मिक्सिंग बाकी आहे.’ चित्रपटात संवाद, गाणी, दारांचे-पावलांचे आवाज हे सारे निरनिराळे साठवलेले असते. त्यांतला कोणता आवाज चढवायचा आणि कोणता उतरवायचा हे ठरवून सगळे एकजीव करणे म्हणजे मिक्सिंग. इतरत्र हे चित्रपट पुरा करण्याचे शेवटचे काम मानले जाते. कॅसिओवाल्याच्या बाबतीत ते चित्रपट पुरा न करण्याचे पहिले कारण असते.

हा शब्द पिच्चरपुरता राहत नाही. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचे इंग्रजी राहिले, तर बी.ए. झाले आहे, मिक्सिंग बाकी आहे. घराच्या भिंती उभ्या राहिल्या आणि गिलावा राहिला, तर तेच. किराणावाल्याला पाचशेपैकी दोनशे दिले की उरलेले तीनशे मिक्सिंगमध्ये जातात. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या मामाने ‘मुलगा काय करतो?’ असे विचारल्यावर, आयुष्यभर कापूस पिकवलेल्या आणि स्टुडिओचे दारही न पाहिलेल्या बापाने खाली मान घालून ‘फायनल मिक्सिंग बाकी आहे’ असे उत्तर दिल्याचे सांगतात. मामाला वाटले, ही स्पर्धा परीक्षेतली पुढची पायरी असावी. तो म्हणाला, ‘मग निकाल लागू द्या, नंतर बोलू.’

चित्रपटाचा विषय कॅसिओवाल्याला शोधावा लागत नाही. नायक लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवतो. त्याला मुंबईला जाऊन मोठा संगीतकार व्हायचे असते. भाड्यासाठी तो कॅसिओ विकतो आणि मुंबईत पोचल्यावर त्याला विचारतात, ‘कॅसिओ कुठे आहे?’ कथा मुळात करुण असते. ती विनोदी ठरते शूटिंगच्या पहिल्या दिवशी, कारण रडण्याच्या प्रसंगाला बघायला जमलेले पन्नास जण हसतात आणि त्यांचा आवाज चित्रफितीत पक्का बसतो. रीटेकला बॅटरी पुरत नाही, म्हणून पोस्टरवर ‘धमाल विनोदी’ असे छापले जाते.

निर्मितीव्यवस्था साधी असते. ज्याची बोलेरो तो खलनायक. ज्याचे घर दुमजली तो नायिकेचा बाप. नायिका भुसावळहून किंवा जळगावहून येते आणि तिच्यासोबत तिची आई येते, म्हणून प्रेमप्रसंगात दोघांच्या मधोमध कायम एक बाभळीचे झाड असते. कॅमेरामन हा लग्नांचे शूटिंग करणारा फोटोग्राफर, त्यामुळे लग्नाची तिथी असेल त्या दिवशी तो मिळत नाही आणि कॅसिओवालाही त्या दिवशी वरातीत असतो. उरतात ते चातुर्मासाचे महिने आणि पौष. म्हणून कथेत दुष्काळ असला तरी चित्रपटात सोनबर्डीची टेकडी हिरवीगार दिसते, वाघूर धरण तुडुंब भरलेले असते आणि ‘तीन वर्षं पाऊस नाही’ हे वाक्य बाप छत्रीखाली उभा राहून म्हणतो. उत्तरार्धात एकदम सगळ्यांच्या अंगात स्वेटर येतात. मेहनताना म्हणून पौषात शेतावर भरीत असते: बामणोदकडची लांब हिरवी वांगी, पऱ्हाट्यांवर भाजलेली, आणि सोबत कळण्याची भाकरी. त्या दिवशी युनिटची उपस्थिती पूर्ण असते. शूटिंग होत नाही.

पैशाचा प्रश्न आला की तो दादासाहेब फाळक्यांना पुढे करतो. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या उभारणीत फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, हे तो आईला तिच्या गळ्यातल्या पोतीकडे बघत सांगतो. फाळक्यांचा चित्रपट मूक होता आणि त्यामुळे त्याचे मिक्सिंग बाकी राहण्याचा प्रश्नच नव्हता, हा फरक तो सांगत नाही. आई सगळे ऐकून घेते आणि म्हणते, ‘आधी जेवून घे, मंग मिक्सिंग कर.’

या जातीचा मूळ पुरुष जामनेरचा नाही, मालेगावचा. यंत्रमागांच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला; १९७५च्या ‘शोले’ची ही नक्कल सुमारे ५० हजार रुपयांत झाली. पुढे मालेगावने सुपरमॅनही केला. सायकलची ट्रॉली झाली, बैलगाडीची क्रेन झाली, कॅमेरा पाण्यात पडला, तरी चित्रपट पुरा झाला. फैजा अहमद खान यांनी त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. मालेगावच्या चित्रपटात सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा कारागीर होता आणि तो कर्करोगाने गेला. कॅसिओवाल्याला हा इतिहास तोंडपाठ असतो. त्यातली एकच गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही: मालेगावकर चित्रपट पुरा करून गावातल्या लोकांना दाखवत होते.

भाषेच्या बाबतीत त्याची पंचाईत वेगळी आहे. जामनेर, भुसावळ, बोदवड या पट्ट्याची घरची बोली तावडी. गाणी चालतात ती अहिराणीत, कारण धुळे, नंदुरबार, मालेगावपासून सुरतेच्या उधना-लिंबायतपर्यंतचा खान्देशी माणूस अहिराणी गाण्यावर नाचतो. गळालेले केस घेऊन त्यांच्या बदल्यात फुगे देणाऱ्या फेरीवाल्यावरचे ‘बबल्या इकस केसावर फुगे’ घरोघरी वाजले, तेव्हापासून जामनेरचा कॅसिओवाला घरी ‘हाये’ म्हणतो आणि माइकसमोर ‘शे’. धुळ्याकडच्या माणसाला त्याचे ‘शे’ दोन वाक्यांत ओळखू येते. डबिंग झाले, असे तो सांगतो. प्रत्यक्षात अर्धा चित्रपट ‘हाये’त आहे आणि अर्धा ‘शे’त. ‘मिक्सिंग बाकी शे’ हे मात्र तो बिनचूक म्हणतो.

त्याच्याविषयी एवढे वाईट लिहिल्यावर एक नोंद नाइलाजाने करावी लागते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई बसते, तेव्हा रात्रभर वाजवायला गल्लीत दुसरा कोणी मिळत नाही. हा येतो. बायका गाणी सुरू करतात ती कुठल्याही पट्टीत. एकीचे काळी एक, दुसरीचे काळी पाच. हा निमूटपणे ट्रान्सपोजचे बटण दाबत प्रत्येकीच्या मागे जातो. पहाटे रोटाचा प्रसाद घेऊन निघतो, पैसे मागत नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या मिरवणुकीत वाजवण्याचे पैसे मात्र रोख घेतो, आणि घ्यावेत.

दुसरी नोंद रेल्वेची. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी परिसरात ‘पीजे’ या नावाने परिचित होती. शेंदुर्णी, पहूर करत ती निवांत येई. जामनेरच्या एका कॅसिओवाल्याने नायक मुंबईला निघतो ते गाणे तिच्यात चित्रित केले, कारण डब्याला भाडे लागत नव्हते, तिकीट पुरे होते. बाहेरून घ्यायच्या दृश्यांसाठी कॅमेरामन शेजारच्या रस्त्याने मोटारसायकलवर बसून होता आणि त्याला दोनदा गाडीसाठी थांबावे लागले. डब्यात बाजाराच्या टोपल्या, शाळेची पोरे, खिडकीत कोपर टाकून बसलेला एक म्हातारा, तंबाखू मळणारा दुसरा, आणि या सगळ्यांत नायक छातीवर हात ठेवून गातो आहे. त्याच्याकडे कोणी बघत नाही. चाकांचा खडखडाट आणि बायकांच्या गप्पा एवढ्या मोठ्या आल्या की गाणे ऐकूच येत नाही. मिक्सिंग अडले ते इथे. गाणे ऐकू यायचे तर गाडी गप्प करावी लागते.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत पीजे थांबली ती थांबलीच. रूळ रुंद करण्याचे काम निघाले, आणि जुनी गाडी कशी वाजत होती हे तोंडाने करून दाखवणारी माणसे तेवढी उरली.

त्यानंतर या कॅसिओवाल्याकडे येणारे लोक बदलले. शेंदुर्णीचा एक कापडवाला आला; ‘पिच्चर कुठवर आला?’ असे दर बाजाराला विचारून हसणाऱ्यांपैकीच तो. खिडकीतला म्हातारा त्याचा बाप होता. कापडवाल्याला गाणे नको होते. त्यापाठोपाठ पहूरची एक मास्तरीण आली, मग पाचोऱ्याला रोज जाऊन शिकलेली काही पोरे, आता बापई झालेली. सगळ्यांचे मागणे एकच: गाणे बंद कर, गाडी राहू दे.

सात वर्षांत जे जमले नव्हते ते त्याने दोन रात्रींत केले. गाणे खाली घेतले, इतके खाली की नायकाचे नुसते ओठ हलताना दिसतात, आणि चाके, गप्पा, भागदरा स्टेशनजवळची शिट्टी हे सगळे वर आणले. ही आठ मिनिटांची प्रत त्याच्याकडे मागेल त्याला मिळते. पिच्चरचे विचारले तर उत्तर पूर्वीचेच. पेनड्राइव्ह ज्याचा त्याने आणायचा.