इशारा पातळी

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. हे कोल्हापुरात चहाच्या टपरीवरही तोंडपाठ. पण कुरिअरने काळ्या पिशवीत येणाऱ्या, बिलावर ‘मसाजर’ म्हणवणाऱ्या प्रौढांच्या खेळण्यावरचा, ते किती पाणी सोसेल हे सांगणारा आकडा कुणी वाचत नाही. विचारायचं तरी कुणाला, म्हणा! आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास. नळाच्या जोरदार धारेची हमी त्यात नाही, साबणाच्या कढत पाण्याची तर नाहीच. आकडा न देता नुसतं ‘वॉटरप्रूफ’ छापलं असेल, तर ते कोल्हापूरच्या पाण्याच्या ‘थेट पाइपलाइन’च्या जुन्या आश्वासनांच्या रांगेत बसवावं. आणि चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच तेवढं दाबून लावा की राव! पाणी तिथून शिरतं, आणि वॉरंटी मागायला काउंटरवर कोण उभं राहणार?