पाटलीणबाई, चौथा मजला

"काल तुमच्याकडे मटार झाला ना? निम्म्या शेंगा किडक्या होत्या. कुठून घेतलात?"

हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, ऑफिसच्या घाईत, चार माणसांदेखत विचारला गेला. विचारणाऱ्या बाई आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला नव्हत्या. त्यांनी फक्त आमची सालींची बादली पाहिली होती. त्यांना तेवढं पुरतं.

अशा एक बाई तुमच्याही इमारतीत असणार, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. नखांत माती, खांद्यावर कापडी पिशवी आणि दर तिसऱ्या वाक्यात 'विषमुक्त'. आमच्या वहिनी कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतात आणि शेती करतात. आडनाव पाटील नाही, पण माघारी सगळी बी विंग त्यांना पाटलीणबाई म्हणते. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही. शेत म्हणजे दहा फूट बाय चार फुटांची बाल्कनी. तरी जून कोरडा गेला की "यंदा आमचं काही खरं नाही" हे त्या अशा चेहऱ्याने म्हणतात, की समोरच्याने पीकविम्याची चौकशी करावी.

तर बादली. बी विंगचा सगळा ओला कचरा वहिनी गोळा करतात. प्रत्येक दाराशी त्यांनी दिलेली बादली आणि प्रत्येक बादलीवर त्यांच्या अक्षरातली नियमावली. शिजवलेलं अन्न नको. कांदा-लसणाची सालं वेगळी. लिंबू-संत्र्याची त्याहून वेगळी. लोणच्याचा खार तर मुळीच नको, गांडुळांना मीठ सोसत नाही. माझ्या सासूबाईंचं पथ्यही एवढं कडक नव्हतं.

गंमत अशी की खताच्या निमित्ताने सुरू झालेलं हे काम हळूहळू शास्त्र झालं. लोक हात बघतात, पत्रिका बघतात, वहिनी साली बघतात. "बटाट्याची एवढी जाड साल? आज साहेबांनी सोलले वाटतं," असं त्या दुसऱ्या मजल्याबद्दल सहज बोलून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या विंगेला कळलं, की तिथल्या बाई भांडून माहेरी गेल्या आहेत. सहाव्या मजल्यावर अननसाचे काटे दिसले म्हणजे मुलगी बघायला पाहुणे आले. केळीच्या सालींचा ढीग म्हणजे कुणाचं तरी पोट बिघडलंय, आणि तीन दिवस नुसती कोथिंबिरीची देठं म्हणजे बाहेरून मागवून वर कोथिंबीर पेरणं चाललंय. एकदा मी ऑफिसच्या धबडग्यात निवडलेली, चिरलेली भाजी आणायला लागले. तिसऱ्या दिवशी वहिनी दारात. "तुमच्याकडे साल नाही हल्ली. सगळं बरं आहे ना?" त्या आवाजात एवढी काळजी होती, की मी संध्याकाळी शेंगांसकट मटार आणला. तोच तो किडका.

मात्र एक सांगायला हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चातुर्मास कडक पाळतात, निदान पाळतात असं त्यांच्या सुनेला वाटतं. श्रावणात त्यांच्या बादलीत कांद्याची सालं निघाली. वहिनींनी ती आमच्या बादलीत सरकवली आणि अवाक्षर काढलं नाही. आजींच्या घरची अब्रू राहिली. आमच्याकडे राखण्यासारखी फारशी नव्हतीच.

वहिनींच्या फ्रिजवर राहीबाई पोपेरे यांचा फोटो आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या बाईंनी घेवड्या-वालांची गावरान बियाणी जपली, त्यांना पद्मश्री मिळाली, हे वहिनी दूधवाल्यालाही सांगतात. पुस्तकांत श्री. अ. दाभोळकर. ते गणिताचे प्राध्यापक, आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, हे त्यांनी हिशेबाने मांडलं. वहिनींच्या घरातही माणसं पाचच. फक्त गुंठे दहा नाहीत. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा, बाल्कनी 40 चौरस फुटांची. हे मी एकदा बोलून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भिंती धरल्या नाहीत तुम्ही. दोडका वर चढतो." बरोबर आहे. दोडका वर चढला, पाचव्या मजल्याच्या ग्रिलमध्ये शिरला आणि तिकडे धरला. तो कुणाचा, यावर दोन कुटुंबांत आठवडाभर अबोला होता. तेवढ्यात दोडका जून झाला. शेवटी त्याची घासणी करून दोघींनी अर्धी अर्धी घेतली.

मग आलं जीवामृत. सुभाष पाळेकर मूळ विदर्भातले, त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची कृती प्रसिद्ध आहे: 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. पण हे माप एका एकराचं. एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्या हिशेबाने वहिनींच्या शेताच्या वाट्याला पाव लिटरसुद्धा येत नाही. चहाच्या कपात कालवता आलं असतं. पण शेतकऱ्याने कपात ढवळायचं? वहिनींनी पिंप आणलं. गच्चीवर ठेवलं. वरून गोणपाट टाकलं. गूळ आणि बेसन कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, माती कोथरूडच्या टेकडीवरून, आणि शेण मुळशीकडच्या एका गोठ्यातून दुधाच्या गाडीने. दुसऱ्या दिवशी जो वास सुटला, त्यावर आमचे चेअरमन तातडीची सभा बोलावणार होते. वहिनींनी त्यांना एवढंच सांगितलं, की पुणे महापालिका गांडूळ खताच्या प्रकल्पाला मिळकत करात 5 टक्के सवलत देते, सौर ऊर्जा किंवा पावसाच्या पाण्याची त्याला जोड दिली तर 10. चेअरमननी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "तसा मातीचाच वास आहे."

उरलेलं जीवामृत कुठे गेलं, विचारू नका. त्या वर्षी पार्किंगमधलं गवत कमरेएवढं झालं.

बायोएन्झाइमचं प्रकरण मी थोडक्यात आटोपते, कारण त्यात एका भिंतीचा रंग गेला आहे. गूळ एक भाग, लिंबा-संत्र्याची साल तीन भाग, पाणी दहा भाग, हे बाटलीत भरून तीन महिने मुरू द्यायचं. त्याने फरशी पुसतात. साली हव्यात म्हणून डिसेंबरच्या थंडीत सगळी विंग मोसंबी खात सर्दीने शिंकत होती. सुरुवातीला रोज झाकण सैल करून आतला वायू सोडावा लागतो. वहिनी सांगलीला लग्नाला गेल्या आणि जिन्याखाली रांगेत ठेवलेल्या बाटल्यांचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पहाटे तीनला पहिली फुटली. मग एकीचं बघून दुसरी. चेअरमन लुंगीवर, हातात बॅट घेऊन खाली उतरले आणि घसरले. वहिनी परत आल्या तेव्हा त्यांनी आधी जिना पाहिला आणि समाधानाने म्हणाल्या, "बघा, फरशी कशी चकचकीत झाली."

घरात म्हणाल तर मिक्सर आहे, पण तो पाहुण्यांसाठी. चटणी पाट्यावर, ताक रवीने, भांड्यांना राख. एप्रिलमध्ये कुरडया. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. त्या तीन दिवसांत चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तरी कुणी दार उघडत नाही. यंदा वाळवायला गच्चीत जागा नव्हती, सगळीकडे सोलरचे पत्रे. वहिनींनी त्या पत्र्यांवरच प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या. दोन दिवस कुणाच्या नळाला गरम पाणी आलं नाही. आम्ही चडफडत वर गेलो, भांडायला. वहिनी पातेल्यात चीक शिजवत होत्या. पांढरा, दाट, हिंग-जिऱ्याचा, उलथन्यावरून सावकाश ओघळणारा. त्यांनी प्रत्येकीच्या हातात वाटी दिली, वर कच्च्या तेलाची धार. भांडण राहून गेलं. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि घरी येऊन थंड पाण्याने अंघोळ केली.

या सगळ्या थाटाला एकदाच तडा गेलेला मी पाहिला. सातारा जिल्ह्यातून त्यांच्या थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. खऱ्या शेतकरी. दहा गुंठे नव्हे, चार एकर. त्या आल्या, एसी लावायला सांगितला, नातवाबरोबर पिझ्झा मागवून खाल्ला. मग बाल्कनीत गेल्या आणि पाट्यापाशी थबकल्या.

"आगं, ह्यो तर आपलाच पाटा! म्या उकिरड्यावर टाकलावता."

वहिनींनी तो गावाहून गाडीत घालून आणला होता. पुढे टायर बदलावे लागले, ते निराळं. मग जाऊबाई गच्चीवरच्या पिंपाकडे गेल्या, गोणपाट उचललं, वास घेतला. "शेण कुठनं आणतीस?" विकत, म्हटल्यावर त्या हसत सुटल्या. त्यांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता, आता त्यांनाही शेण विकतच आणावं लागतं. वहिनींनी हौसेने पाट्यावर वाटलेली शेंगदाण्याची चटणी पुढे केली. जाऊबाईंनी चाखली, मान डोलावली आणि आपला तळवा उलटा करून दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता, वाळलेल्या चिंचेच्या रंगाचा.

"सणावारी वाटलं तर गोड लागतं गं. म्या पंचवीस वर्सं रोज वाटलंय."

त्या मुद्दाम बोलल्या नव्हत्या. पण वहिनी नंतर बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत असं एरवी होत नाही. शेतावरच्या कामातून सुटायला वहिनींच्या सासऱ्यांनी धाकट्या मुलाला पुण्याला शिकायला पाठवलं. त्या मुलाच्या बायकोने कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटमध्ये तेच काम हौसेने मांडलं. आणि गावाकडचे भाऊबंद जमीन प्लॉट पाडून विकायला निघालेत; घेणारे पुण्याचे, त्यांना शनिवार-रविवारी माती हवी आहे. मला हे सगळं फार हास्यास्पद वाटतं. मी स्वतः ब्रोशर मागवलं होतं.

जाऊबाई गेल्यावर दोन-तीन आठवडे बादल्या निमूट जात राहिल्या. सालींवर भाष्य नाही. आम्हाला चुकल्यासारखं होऊ लागलं. मी तर मुद्दाम फणस सोलून पाहिला. तोही बिनटीकेचा गेला.

मग तळमजल्यावरच्या काकांचं झालं. पत्नी गेल्यापासून ते एकटेच. मुलगा परदेशी. कुणी विचारलं की "मस्त चाललंय, सगळं येतं मला करायला" म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे. आमचा सगळ्यांचा विश्वास बसला, कारण विश्वास बसणं सोयीचं होतं. वहिनींनी बादली पाहिली: चहाचा चोथा. दुसऱ्या दिवशी चहाचा चोथा आणि एक केळीचं साल. महिनाभर तेवढंच. त्या काकांना काही विचारायला गेल्या नाहीत. सरळ कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या. "काका, माझ्या गांडुळांना तुमच्या चोथ्याने पित्त होतंय. उद्यापासून रोज एक दुधी नाहीतर भोपळा सोलून पाठवायचा. भाजी मी देईन. साल माझी, आतलं तुमचं."

काका निवृत्त सरकारी अधिकारी, लेखी आदेशाशिवाय न हलणारे. पण हा आदेश त्यांनी पाळला. सोललेला दुधी फेकवेना, म्हणून शिजवू लागले. पहिल्या आठवड्यात बादलीत करपलेलं पण आलं, ते नियमात बसत नव्हतं. वहिनींनी चालवून घेतलं. काही दिवसांनी त्या लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तळमजल्यावर काल कोबी झाला. चिरलाही बारीक होता." मला एकदम हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्या माझ्याकडे वळल्या, "तुम्ही मात्र गाजरं सोलता. गाजराची साल काढतात का कधी?"

सध्या विषय कोंबड्यांचा आहे. वहिनींना गच्चीवर चार गावठी कोंबड्या हव्यात. त्यासाठी वार्षिक सभा भरली. चेअरमन म्हणाले, पहाटे आरवण्याने लोकांची झोपमोड होईल. वहिनी म्हणाल्या, आरवतो कोंबडा. मी कोंबड्या आणते आहे. एक इंजिनिअर उठले आणि त्यांनी विचारलं, मग अंडी कशी देणार? कोंबडी कोंबड्याविनाही अंडी देते, फक्त त्यातून पिल्लू होत नाही, हे उच्चशिक्षित सभासदांना समजावण्यात पाऊण तास गेला. कधी सभेला न येणारे काका मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी हात वर करून नियमाला धरून विचारलं, की कोंबड्या दुधीची साल खातात काय, आणि खात असल्यास प्रतिदिन किती.

ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. मी बाजूने हात वर केला होता, हे इथे लिहून ठेवते. पिंजरा मात्र सभेच्या आदल्या दिवशीच आला आहे. तो माझ्या बाल्कनीत आहे, कारण त्यांच्या बाल्कनीत दोडका आहे.