उकाजच्या बाजाराला कसे जावे

जेद्दात पाहुणे आले की आधी समुद्र दाखवावा, मग मॉल दाखवावेत, आणि तरीही ते परतीचे नाव काढत नसतील तर त्यांना ताइफजवळच्या उकाजच्या बाजाराला न्यावे. बाजार इस्लामपूर्व काळातला. आठव्या शतकात लुटला गेला, तो बसला. थेट 2007 साली त्याचा उत्सव करून पुन्हा उभा केला. पाहुण्यांना एवढा इतिहास पुरे.

वाटेत मुस्लिमेतरांनी मक्केच्या अलीकडे बाहेरच्या रस्त्याला वळावे. पाटी मोठी आहे, 'दिसली नाही' ही सबब चालत नाही. पुढे हदाचा घाट लागतो. तिथल्या बॅबून माकडांसमोर चिवड्याची पिशवी उघडू नये. चिवडा जातोच, पिशवीही परत मिळत नाही.

बाजारात जुन्या वेशातले नट घोड्याउंटांवरून येतात आणि खणखणीत अरबीत कविता म्हणतात. एक अक्षर कळले नाही तरी मान डोलवावी. गाण्याच्या बैठकीत मुरलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. दाद मात्र जपून द्यावी. याच बाजारात नाबिगा या कवीसाठी लाल चामड्याचा तंबू ठोकत आणि तो इतर कवींचा निवाडा करी. एकदा त्याने आधी अल-आशाला आणि मग खन्सा या कवयित्रीला वाखाणले. हस्सान बिन साबित हा कवी भडकला. मी तुझ्याहून थोर, असे त्याने परीक्षकालाच सुनावले, अशी कथा आहे. नाबिगाने शांतपणे त्याच्या ओळीतल्या चुका काढल्या: कुळाची बढाई मारतोस आणि पाहुणचाराच्या पराती थोड्या सांगतोस, तलवारीही थोड्याच! आपल्याकडे कविसंमेलनाचे अध्यक्ष इतके लक्ष देऊन ऐकत नाहीत.

आता खरेदी. ताइफी गुलाबाचे अत्तर तोळ्यावर विकतात. तोळा म्हटल्यावर पाहुण्याला घरच्यासारखे वाटते आणि तो भाव विचारतो. इथे यजमानाने मध्ये पडावे. एका तोळ्याला हजारो फुले लागतात आणि अस्सल मालाचा भाव हजार रियालच्या पुढे असतो. गुलाबपाण्याची बाटली घेऊन द्यावी, वास तोच असे ठासून सांगावे.

ताइफला रात्री गार वारा सुटतो. जेद्दाच्या घामात 'शाल घ्या' म्हटले की पाहुणे हसतात, आणि तिथे पोचल्यावर आपली ओढतात. तेव्हा दोन घ्याव्यात.

शेवटचे, पण आधी करायचे: हा उत्सव दरवर्षी भरतोच असे नाही. गाडी काढण्यापूर्वी यंदा आहे की नाही, ते विचारून घ्या.