कावळ्याला बोनस
कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कंपन्यांत कावळ्याला बोनस मिळतो. त्याच्या आलेखाला डेटा सायन्स म्हणतात. ईबे ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची कंपनी घ्या. जो माणूस ‘ईबे’ हाच शब्द शोधतोय, त्याला ईबेची जाहिरात दाखवायची आणि त्याने क्लिक केले की विक्रीचे श्रेय जाहिरातीला द्यायचे. म्हणजे घरमालकाला त्याच्याच दारात गाठून पत्ता सांगायचा, वर दलाली घ्यायची! २०१२ साली ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांच्या प्रयोगात याहू आणि बिंगवरच्या या जाहिराती थांबवल्या, तुलनेसाठी गुगलवरच्या चालू ठेवल्या. गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के लगेच फुकटच्या दुव्यांवरून परत आल्या.

यावर मार्केटिंगवाले म्हणतील, आमच्याकडे कोट्यवधी नोंदी आहेत, प्रयोग कशाला? पण नोंदी कितीही वाढवल्या, तरी जाहिरात नसती तर काय झाले असते हे त्यांत येत नाही. त्यासाठी ती कुठेतरी बंदच करावी लागते. प्रयोगात धंदा बुडतो, हा दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. म्हणूनच पुढच्या प्रयोगात ईबेने अमेरिकेतल्या सुमारे ३० टक्के बाजारपेठांतच गुगलवरच्या इतर जाहिराती थांबवल्या. विक्री जेमतेम हलली. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर मात्र जाहिरातीचा परिणाम दिसला. खर्चाचा मोठा भाग जात होता तो नेहमीच्या गिऱ्हाइकांवर. तरीही अनेक कार्यालयांत आधी निर्णय होतो, मग विश्लेषकाला बोलावतात, अक्षता टाकायला.