साडेसात बँडची साडेसाती

आपली मुलं आयईएलटीएसमध्ये साडेसात बँड मिळवतात, पेढे वाटतात आणि इंग्लंडमधल्या न्यूकासलला उतरतात. तिथून साडेसाती सुरू होते. परीक्षेच्या ध्वनिफितीत ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन असे सगळे असतात, पण बोलतात कसे घोटून घोटून. तिथला बसड्रायव्हर मात्र अनोळखी पोराला लाडानं ‘पेट’ म्हणतो, आणि ‘व्हाय आय’पासून निघालेलं त्याचं वाक्य कुठे संपलं ते कळतच नाही. परीक्षेत एकदाच ऐकवतात. ड्रायव्हर बिचारा तीनदा ऐकवतो, दरवेळी जास्त मोठ्यानं.

पहिल्याच आठवड्यात भाच्याचा फोन. ‘‘मावशी, इथल्या लोकांना इंग्रजी येत नाही.’’

‘‘अरे, त्यांचीच ना ती भाषा?’’

‘‘असेल. पण बोलता येत नाही.’’

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मात्र चीन, ब्राझील, नायजेरिया यांचं झकास जमतं. नायजेरियाचा मुलगा ‘आय ॲम कमिंग’ म्हणत चक्क बाहेर पडला, तेव्हा बाकीचे बघतच राहिले. भाच्याला काही खटकलं नाही. आपणही निघताना ‘येतो’च म्हणतो की! पण याच मंडळींना विचारा, चांगलं इंग्रजी कुणाचं? सगळे बीबीसीकडे बोट दाखवतात. ‘आमचं काय, इंडियन,’ हे भाचा घराण्यातल्या मधुमेहाबद्दल सांगावं तशा सुरात सांगतो.

बीबीसीच्या त्या आवाजाचा धाक खुद्द इंग्रजांनाही होता. १९४१ साली, ऐन महायुद्धात, बीबीसीनं यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सना बातम्या वाचायला बसवलं. बीबीसीच्या नावानं खोट्या बातम्या द्यायला जर्मनांना तो उच्चार उचलता येणार नाही, असा त्यामागचा हिशोब सांगतात. पिकल्स खुशाल ‘गुड नीट’ म्हणत निरोप घ्यायचे. श्रोत्यांनी तक्रारी केल्या : असल्या उच्चारातल्या बातम्या खऱ्या कशा मानायच्या? डोक्यावर बॉम्ब पडत होते, ते मात्र खरे मानले असावेत. (सदाशिव पेठेनं हसू नये. नागपूरकर ‘करून राहिलो’ म्हणाला की तिथल्या भुवया कुठे जातात, ते मी पाहिलंय.)

आता भाचा सुट्टीच्या दिवशी एका दुकानात काम करतो आणि ‘येस’च्या जागी सर्रास ‘आय’ म्हणतो. बहीण हवालदिल. कर्ज काढून पाठवलं ते हे शिकायला? शेवटी त्यानं तिला फोनवर आपल्या प्राध्यापकांशी बोलायला लावलं. ते अस्सल न्यूकासलचे. पाच मिनिटं बोलले. बहिणीला त्यातलं अक्षर कळलं नाही. फोन ठेवून ती मला म्हणाली, ‘‘सरांचं इंग्रजी काय सुंदर आहे गं!’’