कुंकवानं अडलेला चाप

वऱ्हाडात पिस्तूल गोळी झाडायला घेत नाहीत, लग्नात घालायला घेतात. वरातीत जॅकेटची चेन अर्धी उघडी ठेवायची, कमरेचं कातडी पाकीट दिसेल इतपतच, की पंगतीत पहिल्या रांगेत पाट मिळतो. परवाना अमरावती शहरात पोलीस आयुक्त देतात, अकोल्यात जिल्हाधिकारी. अर्जातलं कारण दोन्हीकडे एकच, ‘जीवितास धोका’. धोका कोणापासून म्हणून विचारावं तर चुलतभावांची वंशावळ ऐकावी लागते. उभं सोयाबीन फस्त करणाऱ्या रोह्यांना आणि डुकरांना मात्र पिस्तूल कोणी दाखवत नाही. त्यांना सुतळी बॉम्ब.

हौस स्वस्तातली नाही. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 4,000 रुपये होता. म्हणजे बाईनं निर्भय व्हायचं तर आधी 31 क्विंटल कापूस वेचायचा.

आमच्या ओळखीच्या एका भाऊसाहेबांकडे बत्तीस बोरचं पिस्तूल आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण हत्यारं त्यांच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. हे पिस्तूल वर्षातून एकदा, दसऱ्याला, कपाटातून पाटावर यायचं. शेजारी विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचा पाना. वहिनी सगळ्यांना सारखंच हळदकुंकू वाहायच्या, अक्षता टाकायच्या आणि खोबरेल तेलाचं बोट चापावर फिरवायच्या, गंजू नये म्हणून. यंदा पूजा आटोपल्यावर भाऊसाहेबांनी मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे हे पाहिलं आणि सहज चाप दाबला. तो मागं गेला आणि मागंच बसला. नखानं ओढल्यावर पुढं आला, तोही नाखुशीनं.

“काऊन बावा, हे वापस येत नाही?”

“रुसलं असंल,” वहिनी म्हणाल्या. “इतके वर्षं झाले, एक गोळी तरी मारली का तुमी?”

एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं लांबूनच निदान केलं. “स्प्रिंग गेली भाऊ. उद्या या, लुनाची बसवून देतो.” देशातलं हे सर्वांत तत्पर सेवाकेंद्र, पण 1959 च्या आर्म्स ॲक्टच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय हत्याराची दुरुस्ती हा गुन्हा. ज्याला येतं त्यानं हात लावायचा नाही. ज्यानं हात लावला तर चालेल असं वाटावं, त्या बंदूकवाल्या दुकानदाराकडे परवाना फक्त विक्रीचा. तो म्हणाला, “नवं घेता का?”

कारखान्याचा फोन जेवणाच्या सुट्टीनंतर उचलला गेला. “भेज दीजिए, देख लेंगे.” धाडायचं कसं? कुरिअरवाल्यानं ‘पिस्तूल’ शब्द ऐकून निम्मं शटर खाली ओढलं. स्वतः घेऊन जावं तर कारखाना उत्तरेत आणि परवान्याची हद्द महाराष्ट्र. गाडीनं नरखेड सोडलं की पुढं पांढुर्णा, मध्य प्रदेश. तिथून पुढं भाऊसाहेब कायद्याच्या दृष्टीनं बेकायदा शस्त्र बाळगणारा इसम. त्याच पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार चालते, माणसं रक्तबंबाळ होतात. गोट्याला परवाना लागत नाही. चापही नसतो, त्यामुळे बिघडत नाही.

मग नेण्याच्या परवानगीचा अर्ज. सोबत ठाण्याचा अहवाल, हमीपत्र, परवान्याची प्रत, हत्याराचा नंबर, बोर, काडतुसांचा हिशेब. टेबलापलीकडून प्रश्न आला, “तुमच्यावर काही गुन्हा?”

“माह्यावर नाही साहेब. आन् पिस्तुलानं तर काहीच नाही केलं, थेच तर म्हन्तो!”

मी ती सगळी फाईल चाळली. माणसाची चौकशी आजोबांपर्यंत गेली होती. चाप परत येतो का, आपोआप सुटतो का, हे विचारणारा रकाना मला तिच्यात दिसला नाही. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांचं रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं आणि गोळी त्यांच्याच पायात गेली, असं सांगितलं गेलं. परवाना शाबूत होता. रिव्हॉल्व्हरकडे लक्ष गेलं ते पायातून गोळी काढायची वेळ आल्यावर.

अमेरिकेत फार वेगळं असेल असं समजू नका. सिग सॉअर कंपनीचं पी-320 पिस्तूल खाली पडलं तर सुटू शकतं असं दिसल्यावर 2017 च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं जाहीर केलं की पिस्तूल सुरक्षितच आहे, तरी पाठवा, फुकटात अधिक सुरक्षित करून देतो. सुरक्षित वस्तू अधिक सुरक्षित करण्याची ही विद्या आमच्या महावितरणलाही शिकवायला हवी. आणि तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाला 1972 च्या कायद्यानं बंदुकांना हात लावायची मुभाच ठेवलेली नाही. खेळण्यातली बंदूक सदोष निघाली तर आयोग ती बाजारातून परत मागवू शकतो, खरी निघाली तर नाही.

भाऊसाहेबांचं पिस्तूल शेवटी पोचलं. कारखान्याकडून पत्र आलं, हिंदीत, शिक्क्यासकट: ट्रिगरच्या यंत्रणेत ‘अज्ञात लाल-पीला पदार्थ’, तांदळाचे कण आणि गोठलेलं खाद्यतेल आढळलं, सबब अयोग्य वापर, सबब वॉरंटी लागू नाही. खर्च सोबत जोडला आहे. वहिनी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. “पूजेले अयोग्य वापर म्हन्ते!” मुलगा म्हणाला, ग्राहक आयोगात जाऊ. भाऊसाहेबांनी विचारलं, तिथं पुरावा म्हणून पिस्तूल न्यावं लागलं तर परवानगी कोणाची काढायची? विषय मिटला. पैसे भरले.

नवी स्प्रिंग घालून पिस्तूल घरी आलं आणि त्याच आठवड्यात निवडणूक लागली. आचारसंहिता, हत्यारं ठाण्यात जमा. मुन्शीनं पावतीबुक पुढं ओढलं.

“चालू हाय का?”

“मले काय मालूम? आल्यापासून दाबूनच नाही पाह्यलं.”

मुन्शीनं एकवार पिस्तुलाकडे, एकवार भाऊसाहेबांकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘सुस्थितीत’.