पेट स्पा आणि सरकी ढेप

जळगावात एखाद्या दुकानाच्या अर्ध्या शटरमध्ये बाप सरकीची ढेप विकतोय आणि उरलेल्या अर्ध्यात पोरगा कुत्र्याला शाम्पू लावतोय असं दिसलं, की समजावं, आत रील चालू आहे. मधून जाऊ नये. पुन्हा घ्यावी लागते.

या पोराला आपण भाऊ म्हणू. खान्देशात सगळेच भाऊ, त्यामुळे कुणावर आळ यायचा नाही. भाऊकडे दोन फोन. एक गिऱ्हाइकांसाठी, तो सहसा वाजत नाही. दुसरा शूटिंगसाठी, त्याला उसंत नाही. सकाळी मेहरूण तलावावर बाकीचे फिरायला येतात, भाऊ कंटेंटला येतो. समोरून येणाऱ्या कुठल्याही काकांचा पॉमेरियन 'काका, एकच मिनिट' म्हणत फ्रेममध्ये ओढतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला, की कुणाचा तरी हस्की कूलरपुढे बसवून 'समर केअर'. सायबेरियाचं जनावर जळगावात आणणाऱ्याला काय म्हणावं, ते असो. पण त्या घरात कुत्र्याच्या निमित्तानं एसी आला आणि सून सुखी झाली, हेही खरं.

गाण्यांची निवड भाऊ स्वतः करतो. एका पांढऱ्याशुभ्र पूडलवर त्यानं 'हाई झुमकावाली पोर' चढवलं. रील तुफान चालली. मालकानं खाली कॉमेंट टाकली, 'भाऊ, तो पोरगा आहे.'

आप्पा, म्हणजे वडील, गल्ल्यावर असतात. संध्याकाळी वही उघडून विचारतात, "आज काय झालं?"

"चार हजार व्ह्यूज."

"जमेत मांडू का उधारीत?"

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं मावतात, आणि निरोप पोचतो तो आपला नंबर सेव्ह केलेल्यालाच. हे कळल्यापासून भाऊ ढेप न्यायला आलेल्या शेतकऱ्याचा फोन हातातून घेऊन नंबर स्वतःच सेव्ह करून देतो. परिणामी एरंडोलकडचे एक पाटील रोज सकाळी चहाबरोबर गोल्डन रिट्रीव्हरच्या केसगळतीवरचे उपाय वाचतात. त्यांच्या दारात दोन बैल आणि एक ट्रॅक्टर आहे.

एका बाबतीत मात्र भाऊ पक्का. इनबॉक्सात 'पोपट कितीला?' आलं, की तयार उत्तर जातं : देशी पोपट विकणं आणि पाळणंही 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पिल्लंही तो विकत नाही. पेट शॉपचे 2018 चे नियम त्यानं वाचलेत, आणि वाचून एवढंच ठरवलं की आपण आंघोळ, केस, नखं आणि खाणं. 'किंमत इनबॉक्समध्ये' लिहून आईपासून तोडलेली पिल्लं खपवणाऱ्यांपेक्षा हा रीलवाला मला शंभर पटीनं बरा वाटतो.

घोळ झाला तो पैसे भरून पोस्ट बूस्ट करताना. नकाशावरचं वर्तुळ 80 किलोमीटरवर थांबतं आणि धुळं, म्हणजे देवपुरातलं सासर, नेमकं काठाबाहेर. मेहुण्याला जाहिरातच दिसली नाही, तर एवढा खटाटोप कोणासाठी? भाऊनं डोकं चालवलं. जळगावातली टाचणी उचलून पारोळ्यावर टोचली. इकडून जळगाव, तिकडून धुळं, वर शिरपूर, खाली चाळीसगाव, सगळं आत आलं. मेहुण्यानं लाइकही केलं.

दुसऱ्या दिवसापासून पारोळ्याचे फोन सुरू झाले. पोळा आठवड्यावर आलेला. "बैलले शाम्पू चालस का?" "शिंगडा रंगाडतस का?" भाऊ पुण्यात दोन वर्षं काढून आणलेल्या आवाजात सांगायचा, "सॉरी सर, आम्ही ओन्ली स्मॉल पेट्स करतो." आणि फोन ठेवून दारावर फ्लेक्स लावायचा : 'सर्व पेट पॅरेंट्सना बैलपोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा'. फोटो अर्थात लॅब्राडोरचा, कपाळाला बाशिंग बांधलेला.

पोळा झाल्यावर आप्पांनी हिशेब काढला. बूस्टचे पैसे गेले होते. आंघोळीला कुत्रा एकच आला होता, तोही मेहुण्याचा, म्हणजे फुकट. वर मेहुण्याचं जेवण.

तेवढ्यात गिऱ्हाइकांचा फोन वाजला. पुन्हा पारोळा.

"म्हशी भादरतस का रे भो? उवा पडी गयात."

भाऊ 'सॉरी सर, ओन्ली' इथपर्यंत आला होता. आप्पा नुसते खाकरले.

"किती आहेत?"

"चौदा."

भाऊनं हातातल्या पूडलच्या ट्रिमरकडे पाहिलं, मग वहीकडे. "येतो दादा. पण रील काढू द्याल ना?"

पलीकडे घरातल्यांशी विचारविनिमय झाल्याचं ऐकू आलं.

"काढ. फक्त गानं बारीक लाव, नही तं पान्हा चोरतीन."